वाचकांचे प्रश्न : बीज वेळेआधी फुटू नये म्हणून दिलेली औषधं

आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) औषधांमध्ये बीजं वाढवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल सगळे बोलतात. शरीराचं स्वतःचं संप्रेरक रोखून धरणाऱ्या औषधांबद्दल मात्र कुणी नीट समजावून सांगत नाही, अशी तक्रार बऱ्याच पत्रांमध्ये आहे. त्यांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीला आधीच्या पाळीच्या २१व्या दिवसापासून ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं सुरू झाली होती आणि तिचे उपचार महिनाभर चालले. मला पाळीच्या दुसऱ्या दिवशी एफएसएच (बीजं वाढवणारं इंजेक्शन) सुरू केलं आणि सहाव्या दिवसापासून सेट्रोरेलिक्स दिलं. सगळं बारा दिवसांत संपणार म्हणतात. माझं औषध कमी ताकदीचं आहे का?

नाही. दोन्ही औषधं एकाच कामासाठी आहेत, फक्त ते काम करण्याची त्यांची रीत उलट आहे.

मेंदूतून जीएनआरएच नावाचं संप्रेरक साधारण तासा-दीड तासाच्या अंतराने थोडं थोडं सुटतं. त्याच्या सांगण्यावरून मेंदूच्या तळाशी असलेली पिच्युटरी ग्रंथी एफएसएच (बीजं वाढवणारं) आणि एलएच (बीज पक्व करून बाहेर सोडायला लावणारं) ही संप्रेरकं तयार करते. फॉलिकल (अंडाशयातली बीज असलेली पाण्याची पिशवी) वाढली की इस्ट्रोजेन चढतं, ते पुरेसं चढलं की एलएचची मोठी लाट येते, आणि लाट सुरू झाल्यापासून सुमारे ३६ तासांत बीज बाहेर पडतं. आयव्हीएफमध्ये एकाऐवजी दहा-पंधरा फॉलिकल वाढतात, त्यामुळे इस्ट्रोजेन लवकर चढतं आणि ही लाटही लवकर येऊ शकते. तशी ती आली तर सुईने बीजं काढण्याआधीच ती पोटात सुटून जातात आणि सगळा खटाटोप वाया जातो. ही लाट रोखणारी औषधं नव्हती त्या काळात साधारण दर पाचांतलं एक चक्र असं हातचं जायचं.

ल्युप्रोलाइड, ट्रिप्टोरेलिन, ब्युसेरेलिन ही ॲगोनिस्ट गटातली औषधं. ती जीएनआरएचसारखीच असतात, पण शरीरात जास्त वेळ टिकतात आणि ग्रंथीला घट्ट धरून राहतात. दाराची घंटा सारखी वाजत राहिली की घरातली माणसं तिकडे लक्ष देईनाशी होतात, तसं ग्रंथीचं होतं. पहिले काही दिवस ती उलट जास्त एफएसएच आणि एलएच सोडते. मग पेशींवरचे ग्राहक (जीएनआरएच ज्यांवर बसून काम करतं त्या जागा) कमी होत जातात आणि १० ते १४ दिवसांत ती गप्प होते. मैत्रिणीचे आधीचे दोन आठवडे यातच गेले.

सेट्रोरेलिक्स आणि गॅनिरेलिक्स ही अँटॅगोनिस्ट. ती ग्राहकावर जाऊन बसतात आणि काही तासांतच एलएच खाली आणतात. सुरुवातीची उसळी येत नाही, म्हणून ती गरज पडेल तेव्हाच, म्हणजे एफएसएचच्या पाचव्या-सहाव्या दिवशी किंवा सर्वांत मोठी फॉलिकल १२ ते १४ मिलिमीटरची झाल्यावर, सुरू करता येतात. नेहमीचा डोस रोज ०.२५ मि.ग्रॅ.

जीएनआरएचची रचना १९७१ मध्ये उलगडली आणि त्यासाठी शॅली व गिलेमिन यांना १९७७ चं नोबेल मिळालं. त्यानंतर ॲगोनिस्ट लवकर वापरात आले. अँटॅगोनिस्टना वेळ लागला, कारण सुरुवातीच्या रेणूंमुळे शरीरात हिस्टामिन सुटून ॲलर्जीसारखा त्रास व्हायचा. तो दोष काढलेली औषधं १९९९ पासून मिळू लागली. म्हणून जुन्या अनुभवांमध्ये ‘लाँग प्रोटोकॉल’च, म्हणजे आधी ॲगोनिस्टने ग्रंथी गप्प करण्याची लांब पद्धतच, जास्त ऐकू येतो. बाळ होण्याचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखं आहे आणि अंडाशय अतिउत्तेजित होण्याचा धोका अँटॅगोनिस्टमध्ये कमी आहे. एश्री या युरोपीय संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही मध्यम आणि जास्त प्रतिसाद अपेक्षित असलेल्या स्त्रियांसाठी अँटॅगोनिस्टलाच पसंती दिली आहे.

प्रश्न : मला पीसीओएस (अंडाशयात बऱ्याच छोट्या फॉलिकल असण्याचा विकार) आहे, एएमएच (अंडाशयातल्या बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) ८.२ आहे. डॉक्टर म्हणतात, तुमच्यासाठी अँटॅगोनिस्टच. पण लाँग प्रोटोकॉलमध्ये बीजं जास्त मिळतात असं वाचलं. मग तो का नको?

तुमचे डॉक्टर बरोबर सांगत आहेत, आणि यामागचं कारण नीट कळावं अशी आमची मनापासून इच्छा आहे. बीजं सरासरीने थोडी जास्त मिळतात हे खरं. पण एएमएच ८.२ असताना बीजं कमी पडणं ही तुमची अडचणच नाही. ती गरजेपेक्षा जास्त होणं हीच अडचण आहे.

खरा फरक शेवटच्या इंजेक्शनात, म्हणजे ट्रिगरमध्ये आहे. बीजं पक्व करण्यासाठी एलएचच्या लाटेसारखं काहीतरी द्यावंच लागतं. नेहमीचा ट्रिगर एचसीजीचा : ५,००० ते १०,००० युनिट, किंवा पेनमधून २५० मायक्रोग्रॅम. एचसीजी एलएचचंच काम करतं, पण एलएच रक्तातून लवकर निघून जातं आणि एचसीजीचा परिणाम कित्येक दिवस राहतो. तेवढे दिवस वीस-पंचवीस फॉलिकल एकत्र उत्तेजित राहिल्या की रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून पोटात साठतं. हाच ओएचएसएस, म्हणजे अंडाशय अतिउत्तेजित होण्याचा त्रास. वजन एका दिवसात किलोभर वाढणं, पोट ताणणं, लघवी कमी होणं, धाप लागणं, पायात एका बाजूला दुखून सूज येणं यांपैकी काहीही दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका, लगेच दवाखान्यात जा.

अँटॅगोनिस्टच्या चक्रात दुसरा ट्रिगर वापरता येतो : ॲगोनिस्टचाच एक डोस. ट्रिप्टोरेलिन ०.२ मि.ग्रॅ., किंवा ल्युप्रोलाइड १ ते ४ मि.ग्रॅ. अँटॅगोनिस्टने ग्रंथीत साठलेलं एलएच संपवलेलं नसतं, फक्त अडवून ठेवलेलं असतं. ॲगोनिस्ट त्या अँटॅगोनिस्टला बाजूला सारतो, सुरुवातीची ती उसळी येते आणि शरीराचं स्वतःचं एलएच बीजं पक्व करून दिवसभरात ओसरतं. लाँग प्रोटोकॉलमध्ये ग्रंथी आधीच रिकामी आणि गप्प केलेली असते, त्यामुळे हा ट्रिगर तिथे चालतच नाही. एचसीजीशिवाय पर्याय उरत नाही. तुमच्यासारख्या स्त्रीला लाँग प्रोटोकॉल नको म्हणण्याचं कारण हे आहे.

यामुळेच एक गोंधळ नेहमी होतो. एकाच ल्युप्रोलाइडचं नाव एका स्त्रीच्या कागदावर ‘रोखण्यासाठी’ म्हणून असतं आणि दुसरीच्या कागदावर ‘ट्रिगर’ म्हणून. डोस वेगळा, वेळ वेगळी, काम अगदी उलट. दुसऱ्या कुणाच्या कागदाशी आपला कागद जुळवू नका.

ॲगोनिस्ट ट्रिगरची एक किंमत मोजावी लागते. एलएच लवकर ओसरल्यामुळे पाळीचा उत्तरार्ध कमकुवत होतो, म्हणून बहुतेक वेळा सगळे भ्रूण गोठवून पुढच्या एखाद्या पाळीत गर्भाशयात सोडतात. तुमच्या बाबतीत ते बरंच आहे, कारण लगेच गर्भ राहिला तर गर्भाच्या स्वतःच्या एचसीजीने ओएचएसएस पुन्हा भडकू शकतो. शिवाय क्वचित हा ट्रिगर लागूच पडत नाही. मुळातच एलएच फार कमी असलेल्या, वजन खूप कमी असलेल्या किंवा बराच काळ गर्भनिरोधक गोळ्या घेतलेल्या स्त्रियांमध्ये हे घडतं. म्हणून ट्रिगरनंतर १० ते १२ तासांनी रक्तातलं एलएच तपासतात. ते १५ च्या खाली असेल तर शंका घेतात आणि एचसीजी देऊन बीजं काढण्याची वेळ पुढे ढकलायची का ते ठरवतात. ही तपासणी होणार आहे का, असं आधीच विचारून ठेवा.

प्रश्न : रोज रात्री आठला सेट्रोरेलिक्स घेते. काल विसरले, आज सकाळी सहाला आठवलं. आता दोन घेऊ का?

दोन घेऊ नका. एक लगेच घ्या आणि दवाखान्यात फोन करा. आदल्या इंजेक्शनपासून ३४ तास झाले आहेत. गॅनिरेलिक्सच्या माहितीपत्रकात दोन इंजेक्शनांमधलं अंतर ३० तासांपेक्षा जास्त होऊ देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि सेट्रोरेलिक्सच्या रोजच्या डोसलाही हीच मर्यादा पाळणं शहाणपणाचं आहे. सकाळीच रक्तातलं एलएच आणि प्रोजेस्टेरॉन आणि सोनोग्राफी करून घ्या. एलएच चढलेलं नसेल तर चक्र पुढे चालू राहतं. पुढचा डोस आज रात्री घ्यायचा की उद्या सकाळी, हे दवाखान्यातून ठरवून घ्या.

हाच ३० तासांचा नियम ट्रिगरलाही लागू आहे, आणि तिथे जास्त जणी चुकतात. समजा तुम्ही अँटॅगोनिस्ट सकाळी सातला घेता. शेवटचं सोमवारी सकाळी घेतलं आणि ट्रिगर मंगळवारी रात्री दहाला आहे. मधलं अंतर ३९ तासांचं झालं. म्हणजे मंगळवारी सकाळचं अँटॅगोनिस्टही घ्यायलाच हवं, जरी ‘आज ट्रिगर आहे, बाकी इंजेक्शनं बंद’ असं मनात पक्कं बसलेलं असलं तरी. ट्रिगर ठरला की फोनवर हा एकच प्रश्न विचारा : आजचं रोखायचं इंजेक्शन घ्यायचं का?

लाँग प्रोटोकॉलमधलं रोजचं ल्युप्रोलाइड काही तास उशिरा झालं तर इतकी धावपळ होत नाही, कारण ग्रंथी दोन आठवड्यांपासून गप्प असते. दवाखान्याला कळवायचं मात्र तेव्हाही.

प्रश्न : ल्युप्रोलाइड ‘१० युनिट’ असं लिहून दिलंय, पण बाटलीवर मिलिग्रॅम आहे. सिरिंज इन्सुलिनची आणली. बरोबर आहे ना?

सिरिंज कोणती आणि बाटली कोणती, हे दोन्ही पाहिल्याशिवाय ‘बरोबर’ म्हणता येत नाही. ‘युनिट’ हे इथे औषधाचं माप नसून सिरिंजवरची रेघ आहे.

१०० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजमध्ये १० युनिट म्हणजे ०.१ मि.लि. बाटलीत प्रत्येक मि.लि.ला ५ मि.ग्रॅ. औषध असेल तर ते ०.५ मि.ग्रॅ. होतं, आणि लाँग प्रोटोकॉलच्या सुरुवातीचा हा नेहमीचा डोस आहे. पण प्रत्येक मि.लि.ला १ मि.ग्रॅ. असणाऱ्या बाटल्याही मिळतात. तेवढ्याच १० युनिटमध्ये त्यातलं फक्त ०.१ मि.ग्रॅ. येतं, म्हणजे पाचवा हिस्सा. आणि सिरिंज ४० युनिटची असेल तर १० ची रेघ ०.२५ मि.लि.वर येते. पहिल्या बाटलीतून ते १.२५ मि.ग्रॅ. होईल, अडीचपट. म्हणून डॉक्टरांकडून डोस मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या, आणि पहिलं इंजेक्शन परिचारिकेसमोर तुमच्याच बाटलीतून, तुमच्याच सिरिंजने भरून दाखवा. एफएसएच सुरू झालं की ल्युप्रोलाइड बहुतेक वेळा निम्म्यावर आणतात. त्या दिवशीही रेघ पुन्हा तपासून घ्या.

सेट्रोरेलिक्स भुकटीच्या रूपात येतं. सोबतचं १ मि.लि. पाणी जाड सुईने बाटलीत हळू सोडा आणि बाटली हलकेच फिरवा. जोरात हलवली तर फेस होतो. द्रव स्वच्छ झाला की सगळा ओढून घ्या, बारीक सुई लावा आणि लगेच टोचा. खालच्या पोटावर, नाभीपासून साधारण इंचभर दूर, रोज जागा बदलून. गॅनिरेलिक्सची सिरिंज भरलेलीच असते. तिच्यात हवेचा बुडबुडा दिसतो, तो काढायची गरज नाही. काढताना औषधच सांडतं. सुईच्या टोपणात लॅटेक्स असू शकतं, त्यामुळे रबराची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. टोचल्या जागी लाली आणि खाज या दोन्ही औषधांनी येते आणि बऱ्याचदा थोड्या वेळात जाते. अंगभर गांधी उठणं, ओठ सुजणं किंवा श्वास अडखळणं ही मात्र वेगळी गोष्ट, तेव्हा तातडीने उपचार हवेत. म्हणूनच सेट्रोरेलिक्सचं पहिलं इंजेक्शन दवाखान्यात घेऊन अर्धा तास तिथेच बसावं.

प्रश्न : लाँग प्रोटोकॉल चालू होता. पाळी आली, घाम, चिडचिड, डोकेदुखी सगळं झालं आणि सोनोग्राफीत गाठ दिसली म्हणून एफएसएच थांबवलं. दोन आठवडे फुकट गेले का?

फुकट गेले नाहीत, पण थोडं थांबावं लागेल. ॲगोनिस्टच्या सुरुवातीच्या उसळीने कधीकधी एखादी फॉलिकल वाढून पाण्याची गाठ बनते. ती इस्ट्रोजेन सोडत असेल तर पुढची मोजमापं बिघडतात. म्हणून एफएसएचआधी रक्तातलं इस्ट्राडिऑल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, पाहतात (साधारण ५० पिकोग्रॅमच्या खाली हवं) आणि गर्भाशयाचं अस्तर ५ मिलिमीटरपेक्षा पातळ आहे का ते बघतात. इस्ट्राडिऑल कमी असेल तर गाठ असूनही सुरुवात करता येते. जास्त असेल तर ल्युप्रोलाइड चालू ठेवून आठवडाभर वाट पाहतात. बऱ्याच गाठी तेवढ्यात विरतात. नाही विरली तर सुईने पाणी काढतात.

‘२१वा दिवस’ ठरलाय तो २८ दिवसांच्या पाळीसाठी. त्या सुमाराला प्रोजेस्टेरॉन जास्त असल्यामुळे उसळीचा जोर कमी राहतो. पाळी ३५ दिवसांची असेल तर तो दिवस २८वा होतो, म्हणजे पुढच्या पाळीच्या सुमारे आठवडाभर आधी. लांब पाळीच्या स्त्रीने २१व्या दिवशीच सुरू केलं तर गाठ होण्याची शक्यता वाढते, त्यामुळे आपल्या पाळीचं खरं अंतर डॉक्टरांना सांगा. याच काळात नैसर्गिक गर्भ राहिलेला असू शकतो. त्या महिन्यात गर्भ राहू नये याची काळजी घ्यावी, आणि पाळी चुकली तर ‘औषधामुळे असेल’ असं न मानता चाचणी करावी.

घाम आणि चिडचिड इस्ट्रोजेन उतरल्यामुळे होते. एफएसएच सुरू होऊन फॉलिकल वाढू लागल्या की काही दिवसांत ती कमी होते. हे मानसिक दुबळेपण नाही, औषधाचा परिणाम आहे, आणि घरातल्या माणसांनाही तो आधी सांगून ठेवावा.

प्रश्न : इंजेक्शनांची भीती वाटते. रोखण्यासाठी गोळी नाही का? लेट्रोझोल त्याच कामाचं ना?

गोळी आहे, पण ती लेट्रोझोल नव्हे. लेट्रोझोल इस्ट्रोजेन तयार होणंच कमी करतं, त्यामुळे पिच्युटरी जास्त एफएसएच सोडते. म्हणजे ते बीज वाढवायला मदत करतं, एलएचची लाट अडवत नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांआधी बीजं गोठवताना ते एफएसएचसोबत देतात, कारण त्या स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन फार चढू द्यायचं नसतं. तिथेही अँटॅगोनिस्ट वेगळं द्यावं लागतंच.

लाट रोखणारी गोळी म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्या कुळातली : मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १० मि.ग्रॅ. रोज, किंवा डायड्रोजेस्टेरॉन, एफएसएचच्या पहिल्या दिवसापासून. इंजेक्शनं कमी होतात, खर्च कमी होतो, ॲगोनिस्ट ट्रिगरही चालतो. पण अस्तर बीजांच्या वाढीशी जुळत नाही, त्यामुळे त्याच पाळीत भ्रूण सोडता येत नाही. बीजं गोठवायची असतील, दुसरीसाठी दान करायची असतील किंवा भ्रूण गोठवायचं आधीच ठरलं असेल, तर आमच्या मते ही पद्धत आवर्जून विचारावी. त्याच चक्रात भ्रूण सोडायचा असेल तर उपयोग नाही.

इलॅगोलिक्स, रेलुगोलिक्स या अँटॅगोनिस्टच्याच गोळ्या आहेत, पण त्यांना मान्यता मिळाली ती एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) यांसारख्या आजारांसाठी. त्या आजारासाठी घरात असलेल्या गोळ्या स्वतःहून आयव्हीएफमध्ये घेऊ नका.

प्रश्न : एंडोमेट्रिओसिस आहे. आयव्हीएफच्या आधी तीन महिने डेपो इंजेक्शन (बराच काळ टिकणारं ॲगोनिस्ट) घ्यायला सांगितलंय. वय ३७. थांबावं का?

आधी असं मानलं जायचं की तीन ते सहा महिने ॲगोनिस्ट दिल्याने गर्भ राहण्याची शक्यता बरीच वाढते. नंतरच्या आढाव्यांमध्ये तो फायदा अनिश्चित ठरला आणि २०२२ च्या एश्रीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी सरसकट असं देऊ नये असं म्हटलं. ३७व्या वर्षी तीन महिने ही लहान गोष्ट नाही, आणि अंडाशयात बीजं कमी असतील तर दीर्घ दडपणानंतर प्रतिसाद आणखी मंद होऊ शकतो. एक मधला मार्ग आहे : आधी अँटॅगोनिस्टच्या चक्रात बीजं काढून भ्रूण गोठवायचे, आणि डेपो द्यायचंच असेल तर ते भ्रूण सोडण्याआधी द्यायचं. मग वाट पाहताना बीजांचं वय वाढत नाही. हा क्रम तुमच्या बाबतीत जमेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. डेपो सहा महिन्यांपर्यंत लांबणार असेल तर हाडांसाठी सोबत कमी मात्रेचं पूरक संप्रेरक देणार का, हेही विचारा.

प्रश्न : गोठवलेला भ्रूण सोडण्याआधीही ल्युप्रोलाइड घ्यावंच लागतं का?

प्रत्येकीला नाही. नैसर्गिक पाळीत सोडायचा असेल तर उलट बीज फुटायलाच हवं, तिथे रोखायचं काहीच नाही. गोळ्यांनी अस्तर तयार करायचं असेल तर पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दिलेलं इस्ट्रोजेन बहुतेकींमध्ये फॉलिकल वाढू देत नाही. मागच्या वेळी गोळ्या चालू असताना बीज फुटलं असेल किंवा वर म्हटल्यासारखा एंडोमेट्रिओसिस असेल, तर डेपोचा विचार करता येतो.

प्रश्न : अँटॅगोनिस्ट एकही दिवस चुकवलं नाही, तरी ट्रिगरच्या दिवशी प्रोजेस्टेरॉन १.८ आलं. औषध निकामी झालं का?

एलएच किती होतं ते पाहा. एलएच कमी आणि प्रोजेस्टेरॉन जास्त असेल तर औषधाने आपलं काम केलं आहे. खूप फॉलिकल वाढल्या की प्रत्येकीतून थोडं थोडं प्रोजेस्टेरॉन झिरपतं आणि बेरीज मोठी होते, विशेषतः एफएसएचचा डोस जास्त असेल किंवा ट्रिगर एक-दोन दिवस लांबला असेल तर. ॲगोनिस्ट घेतलं असतं तरी हे झालं असतं. साधारण १.५ नॅनोग्रॅमच्या वर गेलं की अस्तर वेळेच्या पुढे जातं आणि त्याच पाळीत सोडलेला भ्रूण रुजण्याची शक्यता घटते. बीजांना त्याचा तसा धक्का लागत नाही. म्हणून बीजं काढा, भ्रूण गोठवा, आणि पुढच्या वेळी एफएसएचचा डोस थोडा कमी ठेवता येईल का ते विचारा. एलएचही चढलेलं असेल, म्हणजे १० च्या वर आणि आधीच्या आकड्यापेक्षा बरंच जास्त, तर मात्र लाट सुरू झाली असण्याची शक्यता धरून त्याच दिवशी सोनोग्राफी करतात आणि बीजं काढण्याची वेळ अलीकडे आणतात.